जेलीफिशले अस्तर

…नाही, तुमीच सांगा मले, माणसाचं फुफ्फुस झाकाले देवानं बरगड्या दिल्या, बरगड्या झाकाले कातडी दिली, कातडी झाकाले आमा टेलर लोकाईले जन्माले घातलं, अन् मॅडम मले म्हणते, "सागर, तुला ना, फीलच नाही." मले फील नाही. बावीस दिवस मी फुफ्फुस शिवलं, तांबड्या एकेरी दोऱ्यानं, डोळ्यातून पाणी येईलोक. आता मले खोकला आला तं समजते का तो आत कोणत्या फांदीतून येऊन राहिला. अन् फील नाही म्हणते मले.

बसा तुमी. घाईत असान तं उभ्यानं ऐका, पण ऐका. मले लोकाईपुढं बोलता येत नाही, हे पुऱ्या जठारपेठेले माहीत आहे. गिऱ्हाईक बाई समोर आली का मी टेपाकडं पाहून बोलतो. म्हणून जे त्याच दिवशी तिथंच बोलाले पायजे होतं ते पोटात राहिलं, अन् पंधरा दिवसांपासून ते पोटात फिरून राहिलं, आज तुमी सापडले.

तं आमचं दुकान असं आहे का समोरून भाजीचं, ते माह्या बाबाचं, जानरावचं. पातूरच्या वावरातून माल येते, मेथी, पालक, सांबाराच्या जुड्या, कोबी. अन् मांगच्या कोन्यात, साडेचार फुटात, माही मशीन. नववीत शाळा सोडली तवापासून मी त्या कोन्यात आहो. बाया मेथी घ्याले येतात अन् ब्लाऊजपीस देऊन जातात, बरं चाललं होतं. पण बाबाले तो कोना कांद्यासाठी पायजे. दोन वर्षांपासून तेच. "सागऱ्या, तुही मशीन नसती नं, तं तिथं बारा कट्टे बसले असते." म्हणजे पाहा, लोकाईच्या बापाले पोरगा दिसते, माह्या बापाले माह्या जागी बारा कट्टे कांदे दिसते.

अशात रश्मी मॅडम आल्या. आमच्या अकोल्याच्याच, पण शिकल्या पुण्याले, मंग बाहेरदेशी, बोलतात एकदम शुद्ध. त्याईनं एक कलेक्शन केलं होतं. कलेक्शन म्हणजे सात कपडे, पण सातही एकाच इचारातून निघाले पायजे. इचार काय, तं समुद्रातले जीव अन् माणसाच्या शरीराच्या आतलं सामान. सहा कपडे मुंबईत शिवून झाले होते, सातवा राहिला होता, त्याचं हाताचं काम पाहून मुंबईच्या कारागिरानं तीन महिने मांगितले. अन् मॅडमच्या आईचा ब्लाऊज मी शिवतो, त्याची हाताची तुरपाई पाहून मॅडम माह्याकडं आल्या. कोबीच्या टोपल्याजवळ उभं राहून मले सांगते, "सागर, बघ हं. आपल्या आत एक समुद्र आहे. फुफ्फुस म्हणजे काय? कोरल. बरगड्या म्हणजे माशाचा सांगाडा. आणि ह्या सगळ्यावरून तरंगत येते जेलीफिश. पारदर्शक. जेलीफिश म्हणजे आपला श्वास. येतंय का लक्षात?"

मी टेपाकडं पाहिलं अन् म्हटलं, "मॅडम, मापाचा ब्लाऊज आणला का?"

आता यात माहं काय चुकलं? आमच्यात कोणत्या बाईच्या आंगाले मी टेप लावत नाही. बाई तिले बरोबर बसणारा एक जुना ब्लाऊज आणते, मी त्याचं माप घेतो, बाई तिकडं भेंडी निवडते, कोणाचीच पंचाईत नाही. तं मॅडम एवढ्या हासल्या, एवढ्या हासल्या का बाबानं काट्यावरची भेंडी तशीच ठेवून पाहिलं का काय झालं. मंग डोळे पुसत म्हणे, "जेलीफिशचा मापाचा ब्लाऊज. अरे सागर, तुला ना, फीलच नाही." हे पयलं. तवापासून मोजून राहिलो मी.

अन् माहं नाव पाहा, सागर. समुद्र पाहिला का? नाही. जास्तीत जास्त पाणी मी पाहिलं ते आमच्या विहिरीत, तेही वाकून. मॅडमनं मोबाइलवर जेलीफिश दाखवली तं मले ते पाण्यात पडलेल्या प्लास्टिकच्या पन्नीसारखी दिसली. खरं सांगतो. पण मी बोललो नाही, फील कमी आहे म्हणतीन.

तं गाऊन असा होता, नीट ऐका, पुढं याच्यावरच सारं अडलं. दोन थर. आतला थर बारीक जाळीचा, आंगाले चिपकून बसणारा, त्याच्यावर मी हातानं भरायच्या बरगड्या, फुफ्फुस अन् मधात काळीज. वरचा थर काचेसारख्या आरपार कापडाचा, घेरदार, ढिला, ते झाली जेलीफिश. म्हणजे पोरगी चालली का वरून जेलीफिश हलन अन् आतून फुफ्फुस दिसन. अन् आतल्या थराले शिलाईत जास्तीचं कापड ठेवाचं नाही, मॅडमचा हुकूम, "कातडीसारखं बसलं पाहिजे, बोटसुद्धा जाता कामा नये." बरं म्हटलं.

अन् याच्यावर काय टांगलं होतं माहीत आहे? शो अमरावतीले, मुंबईहून तीन परीक्षक येणार, त्याईले ज्याचं कलेक्शन आवडलं त्याले मुंबईच्या मोठ्या शोमध्ये जागा. अन् मॅडम म्हणे, "आपलं निवडलं गेलं ना, तर तुला मी मुंबईला नेणार. माझा मास्टर म्हणून." मास्टर. तुमाले त्या शब्दाचं काय, पण आमच्या लायनीत कापड कापते तो मास्टर, बाकी सारे नुसते भाऊ. मी दहा वर्षांपासून भाऊ आहो. बाबाले सांगितलं तं त्यानं गवारीचा वाटा नीट केला अन् म्हणे, "झालं तं जाय मुंबईले, मी अडवत नाही. नाही झालं तं दुसऱ्या दिवशी कोना खाली. कबूल?" मी मान हलवली. बोलता येत नाही ना.

मंग लागलो कामाले. फुफ्फुस कसं असते हे कोणाले माहीत? माह्या बहिणीचं, खुशीचं, विज्ञानाचं पुस्तक आणलं. मी शाळा सोडली तवा ते पानं राहून गेले होते, ते आता सुईनं शिकलो. बरगड्याईच्या बारा जोड्या असतात, पण त्या वळतात कशा ते चित्रात समजेना, म्हणून मी सदरा काढून आरशापुढं उभा राहून एक एक चाचपून पाहू लागलो. बाबा दारात. बराच वेळ पाहिलं त्यानं. मंग माह्या मायले आवाज दिला, "अवं, पोट्टं जेवत नाही वाटते, बरगड्या मोजून राहिलं." पण इमान सांगतो, फुफ्फुस शेवटी बाबानंच समजावलं. फुलकोबीचा गड्डा मधातून उभा चिरला अन् म्हणे, "हे घे. खालून दांडा, वर फांद्या, टोकाले बुंदके. याच्याहून येगळं काय असन?" पाहतो तं खरंच. कोरल तेच, फुफ्फुस तेच, फुलकोबी तेच. तो अर्धा गड्डा मी मशीनवर ठेवून शिवत होतो, पिवळा पडला का दुसरा. बावीस दिवसात नऊ गड्डे लागले. मॅडमले फोटो पाठवला तं एवढंच उत्तर आलं, "नॉट बॅड. पण फील वाढव." हे दुसरं.

शिवून झाला तं दाराच्या खुंटीले लटकवला. कौशल्या मावशी मेथी घ्याले आल्या, तिथंच थांबल्या.

"हे काय होय रे?"

"फुफ्फुस, मावशी."

"कोणाचं?"

आता काय सांगाचं. म्हटलं, "कोणाचं नाही, डिझाइन आहे."

त्याईनं दोन बोटाईत कापड धरून पाहिलं. "काम बारीक आहे हो, पोरा. पण अस्तर राहिलं याले."

"अस्तर नाही लावाचं, मावशी. मॅडम नाही म्हणते."

"मंग आतली पोरगी?"

तुमाले सांगतो, बावीस दिवस माह्या डोक्यात हे आलंच नव्हतं. फुफ्फुस आलं, काळीज आलं, आतली पोरगी आली नाही. जठारपेठेत जाळीचं कापड दुकानात आलं का अस्तर न इचारता लागते, तो नियमच आहे, अन् मी इसरलो. मॅडमले फोन केला, तं त्या म्हणे का आतून आंगाच्या रंगाचा एक पूर्ण सूट राहणार आहे, तू काळजी करू नको. बरं म्हटलं. जीव थंडा झाला.

शोच्या दिवशी गाऊन मांडीवर आडवा घेऊन गाडीत बसलो, बाजूचा माणूस इचारते, "पेशंट आहे काय?" बडनेऱ्याले उतरलो, तिथून अमरावतीच्या हॉलात पोचलो. मांगच्या खोलीत सात पोरी. माह्या गाऊनची पोरगी बडनेऱ्याचीच, वडील रेल्वेत. खरं नाव सांगत नाही, गीतांजली म्हणू. गाऊन घातला तिनं अन् परद्यामांगून बाहेरच येईना. मी आपला पाठ करून उभा. मंग परद्यातून आवाज आला, एकदम हळू, "दादा, याले अस्तर नाही काय?"

म्हटलं, "आतून सूट आहे ना."

"सकाळी काढाले लावला मॅडमनं. म्हणे त्यानं फुफ्फुस मेल्यासारखं दिसते, खरी कातडी पायजे."

"मंग मॅडमले सांगा."

"एका पोरीनं मेकअपचं नुसतं इचारलं तं तिले घरी पाठवलं, दादा. मले चालाचं आहे. पुऱ्या क्वार्टरात सांगून आली मी. बाबाले पास मीच देला, पयल्या रांगेतला." मंग म्हणे, "चालाचं आहे. फक्त असं नाही."

बस, एवढंच. रडली नाही, काही नाही. रडली असती तं मी घाबरून पळालो असतो.

आता सांगा, काय कराचं? आतला थर आंगाले असा चिपकला का खालून अस्तर घालाले बोटभर जागा नाही, अन् उकलून नवा बसवाचा तं पुरा दिवस पायजे. माह्याजवळ एक घंटा. जागा एकच, दोन थराईच्या मधात, वरचा थर ढिला आहे ना, तिथं खांद्यापासून टाके मारले का झालं. म्हणजे कशाच्या वर? फुफ्फुसाच्या वर. माह्या फुफ्फुसाच्या वर. नऊ गड्डे, बावीस दिवस, बाबाची शर्त, मुंबई, मास्टर, साऱ्याच्या वर. अन् हे मले कोणी कराले लावलं नाही हो, हेच तं. लावलं असतं तं आज कोणाले तरी शिव्या देता आल्या असत्या.

अन् कापड कुठं होतं? हॉलात जाऊन पाहिलं तं परीक्षकाईच्या टेबलाले चारही बाजूनं निळ्या सॅटिनची झालर. डोळ्यानंच मोजली, एका बाजूची साडेतीन मीटर. टेबलाखाली शिरलो अन् मांगच्या बाजूची, जिकडं त्याईचे पाय येतात तिकडची, कापून घेतली. पुढून टेबल झाकलेलंच राहिलं. मांगून परीक्षकाईच्या पायाले हवा लागली असन, तेवढी लागू द्या. आलो, परद्याच्या फटीतून गाऊन बाहेर मांगून घेतला, सुईत दोरा घातला अन् माह्याच कामावर माह्याच हातानं टाके मारत गेलो. पयले काळीज झाकलं. मंग डावं फुफ्फुस. उजव्याले हात थोडा थांबला, पण थांबून चालते का? पोरीले सांगितलं, "कोणी इचारलं तं म्हणजो, टेलरनं लावलं, मले काही माहीत नाही."

शो सुरू झाला. मॅडम पुढं पाहुण्याईजवळ, मांगं पाहाले कोणी नाही. उत्तमराव नावाचे मोठे पाहुणे होते, ते माइकवर बोलले का आपल्या वऱ्हाडाच्या काळ्या मातीत समुद्र आणल्याबद्दल रश्मीताईचं अभिनंदन. मंग निघाल्या पोरी. पयली मणक्याचा कोट घालून, माह्या बाजूची बाई म्हणे, "पाठदुखीचं औषध विकून राहिले काय?" दुसरीच्या घागऱ्यावर आतडे गुंडाळेल, तं मांगून कोणीतरी, "चकल्या होय का वं त्या?" तिसरीले ऑक्टोपसचे आठ हात, त्यातला एक खुर्चीत अडकला, तो सोडवाले दोन माणसं धावले. परीक्षक मान हलवून लिहून राहिले, लोक चुप.

मंग अंधार केला, मॅडमचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. "आणि आता… श्वास. पारदर्शक देहातून उमलणारं फुफ्फुस. काही लपवायचं नाही. काही झाकायचं नाही."

उजेड पडला. निळा गाऊन. बस. साडीच्या दुकानातल्या बाहुलीले घालतात तसा निळा, झाकेल-झुकेल, साधा गाऊन.

परीक्षकानं हातातला कागद पाहिला, गाऊन पाहिला, कागद पलटून मांगं पाहिलं. दुसरी परीक्षक बाई एकदा गाऊनकडं पाहे, एकदा टेबलाच्या झालरकडं. पण पोरगी चालली हो. काय चालली. मान सरळ, खांदे मोकळे, पुऱ्या हॉलाले ओळखते अशी. अन् मांगच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या, बायाईच्या, अन् पयल्या रांगेत एक पिकल्या केसाचे रेल्वेवाले काका उभे राहून अशा टाळ्या वाजवत होते का बाजूच्यानं त्याईले हात धरून खाली बसवलं. मी कोन्यातून पाहून राहिलो होतो. ते दम घेत होती, तं तिच्या आंगाले लागून माहं फुफ्फुस बी दम घेत होतं. हे मले दिसत होतं. पुऱ्या हॉलात मले एकट्याले दिसत होतं. याच्याहून मोठा फील मॅडम, तुमी मले बाजारातून आणून दाखवा.

कलेक्शन निवडलं नाही. परीक्षक म्हणे, शेवटच्या कपड्यात इचार हरवला. मॅडम मांगच्या खोलीत आल्या, गाऊनचा वरचा थर उचलला अन् सॅटिन मुठीत धरलं.

"हे काय आहे?"

"अस्तर, मॅडम."

"का?"

गीतांजली मांगंच उभी होती, कानातलं काढत, हात तिथंच थांबला तिचा. मॅडमले अजून एका शोसाठी पोरी पायजे होत्या, अन् तिचं नाव त्या यादीत होतं. मंग मी काय बोलू? म्हटलं, "सवय आहे, मॅडम. जाळीचं कापड दिसलं का हात आपोआप अस्तराकडं जाते."

मॅडमनं माह्याकडं अशी नजर टाकली… त्याईले पटलं हो. लगेच पटलं. याचाच तं राग आहे माहा. एक बार तरी इचाराचं ना का अरे, सवय म्हणतो, तं बावीस दिवस ते सवय कुठं गेली होती? नाही. ब्लाऊजवाला आहे, याच्याकडून असंच होईन, झालं. "तू स्वतः केलेलं काम तू स्वतःच झाकलंस. एवढीसुद्धा अक्कल नाही? मी कोणावर विश्वास ठेवला? सागर, तुला फील नाही, नाही, नाही." एका दमात तीन. एकूण पाच झाले. अन् मी? मी टेपाकडं पाहून राहिलो. टेप नव्हता तिथं. नुसत्या हाताकडं पाहून राहिलो.

गाऊन मॅडम घेऊन गेल्या, आता फोन उचलत नाही. झालरीच्या पायी हॉलवाला मात्र रोज फोन करते.

पण बाहेर आलो तं काय, दारात चार बाया. "भाऊ, तो निळा गाऊन तुमी शिवला काय? माह्या पोरीचं लग्न जुळलं, साक्षगंधाले पायजे." दुसरी म्हणे, "पुऱ्या कार्यक्रमात तोच एक घालण्यासारखा होता. बाकी काय ते आतडे अन् कोतडे." गीतांजलीच्या बाबानं माहा हात धरला, सांगतात का, "कापड चांगलं निवडलं तुमी." टेबलाचं आहे, हे नाही सांगता आलं मले.

घरी आलो, बाबाले सारं सांगितलं. त्यानं ऐकलं, काट्याचे दोन्ही पारडे पुसले अन् निकाल देला. "मुंबई झाली नाही, म्हणजे कोना माहा. गिऱ्हाईक आलं, म्हणजे मशीन तुही." दुसऱ्या दिवशी सहा कट्टे कांदे आणून मशीनच्या खाली अन् बाजूनं लावले. आता माहे पाय कांद्यात असतात अन् हात सॅटिनात. अकरा गाऊन आले परवालोक. सारे निळे. साऱ्याईले अस्तर. आत काही नाही.

कालच एक बाई आली, बारावी. माप देलं, रंग सांगितला, जाता जाता फिरून आली. म्हणे, "भाऊ, याले उजव्या बाजूनं, बरगडीच्या खाली, एक खिसा लावून देता का? मोबाइल ठेवाले बरं पडते."

उजव्या बाजूनं, बरगडीच्या खाली. आता त्या बाईले मी काय सांगू का तिथं फुफ्फुसाचं टोक येते, अन् तेवढं एक टोक भराले मले दोन दिवस लागले होते? सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, तोंड बी उघडलं होतं.

म्हटलं, "लावून देतो, ताई. किती खोल पायजे?"